एवढं वाक्य झालं की उठतो

दुपार इतकी निवांत होती, की मांडवावरून एखादं वाळकं पान गळलं असतं तरी त्याचा आवाज ऐकू आला असता. द्वारकाबाईंनी दोन पेले माझ्यापुढे ठेवले, चाचपडत बाटलीचं बूच काढलं आणि विचारलं,

"तुम्ही घेता का, उपासनी?"

"नाही. कधीच नाही."

"मग आज घ्या. यांचं लिखाण कोरड्या घशानं वाचायचं नसतं."

त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. तरी त्यांनी ओतलेले दोन्ही पेले अगदी सारखे भरले, एक थेंब बाहेर न सांडता. मी गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीच्या कडेवर बसलो होतो. परक्या घरी मी असाच बसतो.

त्या वेळी मी नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. वय बेचाळीस. आमचे मालक शिंत्रे पुस्तकंही काढायचे. त्यांचे जुने लेखक दामोदर पिंगळे डिसेंबरात वारले आणि त्यांची बारावी कादंबरी अडकून पडली. वीस प्रकरणं जुळून तयार होती, सगळी मी तपासलेली. एकविसावं, म्हणजे शेवटचं, पिंगळ्यांच्या बायकोजवळ होतं.

"पुडकं बांधून ठेवलंय म्हणतात काकू," शिंत्रे म्हणाले होते. "आधी कोणीतरी येऊन मला वाचून दाखवा, मग न्या, असा हट्ट आहे. तू जा. तू कोणाशी भांडत नाहीस, तुला उलट बोलताही येत नाही. तूच बरा."

म्हणून मार्चमधल्या त्या दुपारी मी दिंडोरीच्या पुढे, रस्त्यापासून आत असलेल्या पिंगळ्यांच्या मळ्यात येऊन बसलो होतो. द्राक्षांची तोड संपलेली होती. माणूस म्हणून कोणी दिसलं नव्हतं. फाटकातून घराकडे येताना फक्त एक विहीर लागली, तोंडावर सिमेंटची लादी टाकून बंद केलेली, आणि तिच्यापासून सुरू होणारी दगडी खांबांची रांग. त्या रांगेवर एकच जुनी वेल पसरलेली होती.

"यांची रीत होती," द्वारकाबाई म्हणाल्या. "पुस्तक लिहायला घेतलं की त्या वर्षीच्या द्राक्षांची एक बाटली भरून ठेवायची. कुणा फादरकडून शिकले होते वाइन करायला. पुस्तक संपलं की ती बाटली उघडायची, आणि शेवटचं प्रकरण मला वाचून दाखवायचं. विरामांसकट."

"विरामांसकट?"

"स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं मोठ्यानं. तुमच्या छापखान्यात वाचतात तसं."

मला ते ठाऊक होतं. छापखान्यात एक जण मूळ प्रत हाती धरून मोठ्यानं वाचतो, चिन्हंसुद्धा शब्दांसारखी उच्चारतो, आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून ताडून पाहतो. पिंगळ्यांनी तरुणपणी हेच काम केलं होतं.

"मी यांचं एकही पुस्तक वाचलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा ऐकली. तुम्ही लिहिता का काही?"

"नाही. म्हणजे, लिहितो. फाडतो."

त्या हसल्या. "हे पण फाडायचे. पण तुमच्यासारखं कबूल नाही करायचे. घ्या आता."

मी घोट घेतला. दारू कडू असते एवढंच मला माहीत होतं. ही कडू नव्हती, गोडही नव्हती. गार होती. दुपारचे दोन वाजलेले, बाटली उघड्या फडताळातून काढलेली, आणि घोट असा गार, की माझे दात शिवशिवले.

"कुठली द्राक्षं ही?"

"विहिरीजवळच्या वेलीची. ती आम्ही विकत नाही."

त्यांनी पुडकं माझ्या हातात दिलं. खाकी कागद, वर सुतळी. सुतळीची गाठ आधी दोनतीनदा सोडून पुन्हा बांधल्यासारखी मऊ झाली होती. मी ती सोडली. वरचा कागद कोरा होता. मला वाटलं, वेष्टनाचा असेल. खालचाही कोरा. मी सगळी चळत अंगठ्याखालून सरकवली. तीसेक कागद होते, कडांना जरासे पिवळे. कशावर शाईचं एक टिंबही नव्हतं.

मुद्रितं तपासणाऱ्याला एक रोग जडतो. पानावर जे आहे ते न दिसता जे असायला हवं ते दिसतं. सुटलेलं अक्षर डोळा स्वतःच भरून टाकतो. उलटंही होत असेल असं मला वाटलं. असलेलं दिसत नसेल. मी चष्मा काढून पुसला.

"काय झालं?"

"काही नाही. चष्मा."

तेव्हाच सांगायला हवं होतं. बाई, हे कागद कोरे आहेत, एवढं एकच वाक्य. पण त्या समोर पेला धरून बसल्या होत्या, चेहरा माझ्याकडे नाही, माझ्या आवाजाकडे वळवून. नवरा जाऊन तीन महिने झाले होते. मी असा माणूस आहे, की लेखकाची ढळढळीत चूक दिसली तरी समासात नुसतं प्रश्नचिन्ह करायचो, तेही शिसपेन्सिलीनं. माझ्या तोंडून ते वाक्य निघालं नाही. मी ठरवलं, तोडणीबद्दल चार ओळी जुळवायच्या, कथानायकाला मळ्यातून संध्याकाळी घरी आणायचं आणि संपवायचं. पुढचं शिंत्रे पाहतील.

"प्रकरण एकविसावं," मी म्हणालो. "पूर्णविराम."

द्वारकाबाईंनी डोळे मिटले.

"तो लिहायला बसला, स्वल्पविराम, तेव्हा तोडणी संपली होती, पूर्णविराम. बायको बाजाराला गेली होती, पूर्णविराम. पोर अंगणात खेळत होती, पूर्णविराम."

मी थांबलो. तपासलेल्या वीस प्रकरणांत पोर नव्हती. त्या नवराबायकोला मूलबाळच नव्हतं.

द्वारकाबाईंचा पेला ओठांपाशी थांबला होता. "थांबू नका," त्या म्हणाल्या.

मी कागद उलटला. का उलटला कोण जाणे; वाचणारा माणूस उलटतो म्हणून उलटला असेल. आणि वाचू लागलो. आवाज माझाच होता, जरा घोगरा, नेहमीसारखा. पण श्वास कुठे घ्यायचा ते मी ठरवत नव्हतो. पोर सहा वर्षांची होती. तिच्या फ्रॉकचा एक खिसा उसवलेला होता आणि त्यात ती चिंचोके भरायची. ते गळायचे, आणि ती कुठे गेली ते चिंचोक्यांच्या मागावरून कळायचं. तिला कुमी म्हणत. विहिरीच्या पायऱ्यांवर एकटीनं उतरायची तिला बंदी होती.

"कुमी," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. मला नाही, पेल्याला सांगितल्यासारखं.

मी पुढचा कागद घेतला.

"पोरीनं हाक मारली, अपूर्णविराम. अण्णा, स्वल्पविराम, इकडे या ना, पूर्णविराम. त्यानं ती ऐकली, पूर्णविराम. त्याचं वाक्य अर्धं झालं होतं, पूर्णविराम. महिनाभर जे सुचत नव्हतं ते वाक्य सुचलं होतं, पूर्णविराम. तो म्हणाला, स्वल्पविराम, एवढं वाक्य झालं की उठतो, पूर्णविराम. कोणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं तो म्हणाला नाही, पूर्णविराम. दुसरी हाक आली नाही, पूर्णविराम. त्यानं वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम. मग तो उठला, पूर्णविराम. पायऱ्यांवर चिंचोके होते, पूर्णविराम."

घशाला कोरड पडली होती. मी समोरचा पेला उचलून रिकामा केला. तो आणखी गार झाला होता.

"कुठलं वाक्य?" द्वारकाबाईंनी विचारलं.

मला काय विचारताय, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच.

"ते वाक्य त्यानं कोणाला दाखवलं नाही, पूर्णविराम. तो कागद बाटलीत घातला, स्वल्पविराम, बूच मारलं, स्वल्पविराम, आणि विहिरीकडून सातव्या खांबाखाली पुरला, पूर्णविराम. मग विहिरीजवळ वेल लावली, पूर्णविराम."

पुढे काही आलं नाही. माझ्या हातात शेवटचा कागद होता. तोही कोरा.

त्या रडल्या नाहीत.

"छत्तीस वर्षं मला सांगत राहिले, ऐकूच आली नाही हाक. मी विहिरीपलीकडे होतो, खतावर होतो. दर वेळी वेगळं." त्यांनी पेला खाली ठेवला. "मी दर पुस्तकात वाट पाहायचे. आता सांगतील, या पुस्तकात सांगतील. म्हणून तर ऐकायचे. नाहीतर मला काय करायचं होतं पुस्तकांशी?"

"काकू, मला माफ करा. हे कागद..."

"कोरे आहेत."

माझे कान तापले. शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोरासारखं झालं मला.

"हे गेले त्याच्या आदल्या दिवशी पुडकं हातात दिलं माझ्या. हे शेवटचं, कोणाकडून तरी वाचून घे, म्हणाले. माझा पुतण्या आला, म्हणाला कोरे आहेत. शाळेचे मास्तर आले, ते म्हणाले कोरे आहेत. तुम्हीच तेवढे म्हणाला नाहीत."

"मला धीर झाला नाही."

"तेच तर. धीट माणसाच्या तोंडून दुसरा कोणी कशाला बोलेल?" त्या उठल्या. "खुरपं दारामागे आहे. आणि तांब्याभर पाणी घ्या, जमीन कडक असेल."

ऊन चांगलंच होतं. त्या एका हातानं तार धरून पुढे चालत होत्या आणि प्रत्येक खांबाला तळवा लावून मोजत होत्या. सातव्यापाशी थांबल्या. मी खाली बसलो, पाणी ओतलं, खणलं. असं काम मी आयुष्यात केलेलं नव्हतं. बोटाला फोड आला. वेलीची मुळं मनगटाएवढी झाली होती आणि सगळी एकाच जागी वळलेली होती, पसरायचं सोडून. मुळांच्या त्या गुंत्यात खुरपं काचेवर वाजलं.

बाटली हिरव्या जाड काचेची होती. बुचावर लाख. आत कागदाची सुरळी. तिचा बाहेरचा भाग कोरा दिसत होता. लिहिलेलं असलं तर आतल्या बाजूला असणार.

"आहे?"

"आहे."

त्यांनी ती हातात घेतली, बाळाला घ्यावं तशी नाही, कोणाचा तरी गळा धरावा तशी. मग माझ्याकडे दिली.

"घेऊन जा. मला ते वाक्य ऐकायचं नाही. त्याच्यापायी माझी पोर गेली, ते चांगलं असलं तर मला सहन व्हायचं नाही. वाईट असलं तर त्याहून नाही. तुम्हीही वाचू नका. शब्द द्या."

मी दिला.

"आणि प्रकरण?" मी विचारलं.

"छापा. जसं म्हणालात तसं. यांच्या नावावर."

एस.टी.च्या थांब्यावर बसून मी ते सगळं उतरवून काढलं. एक शब्दही आठवावा लागला नाही. शिंत्र्यांना सांगितलं, मूळ प्रत काकूंनी ठेवून घेतली, ही माझी नक्कल. ते म्हणाले, "बघ, म्हणून तुला पाठवलं."

पुस्तक दिवाळीनंतर आलं. एका परीक्षणात लिहिलं होतं की आधीची अकरा पुस्तकं नसती आणि हे एक प्रकरण असतं, तरी पिंगळे मोठे लेखक ठरले असते. ते कात्रण माझ्या पाकिटात आहे. का ठेवलं ते मी बायकोलाही सांगू शकलेलो नाही.

कारण ते प्रकरण कोणाचं, हेच मला ठरवता येत नव्हतं. येताना बंद केलेली विहीर मी पाहिली होती. खांब पाहिले होते. म्हातारी बाई, कोरडी दुपार, पहिल्यांदाच घेतलेली दारू. एखाद्या घाबरट माणसाला सुचूही शकेल एवढं. मग ते माझं. पण कुमी हे नाव कुठून आलं? बाटली कुठून आली? का तार धरून चालणाऱ्या बाईच मला नकळत नेत होत्या? ही शंकाही मी वर्षानुवर्षं घेऊन बसलो. त्यांना विचारायचं म्हणता म्हणता तीन वर्षांनी त्याही गेल्या.

मध्यंतरी एकदा दुकानातून वाइनची बाटली आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. कोरे कागद समोर ठेवले, पेला भरला.

"अहो, हे काय?" ही म्हणाली. माझी बायको, शालिनी.

"खोकल्यासाठी."

"तुम्हाला खोकला कुठे आहे?"

तीन पेल्यांनंतर मला झोप लागली. कागद सकाळीही कोरे होते. ती मात्र अजून पाहुण्यांना सांगते, आमच्या यांनी खोकला व्हायच्या आधीच औषध घेतलं.

मळ्यातली बाटली कपाटात, शब्दकोशांच्या मागे होती. चौतीस वर्षं. मी ती उजेडात धरून पाहायचो आणि परत ठेवायचो. शब्द दिला होता म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे भीती होती. ते वाक्य वाचलं असतं तर पिंगळ्यांचा हात कळला असता, आणि त्या प्रकरणात तो किती होता तेही.

गेल्या सोमवारी सकाळी मी वाटाणे सोलत बसलो होतो. अचानक एक वाक्य सुचलं. इतकं नीट, इतकं पुरं, की मी हात न धुताच कागद घेतला. त्या दुपारची गोष्ट कशी सुरू करायची ते मला चौतीस वर्षांनी सापडलं होतं. पुढचं मग आपोआप येत गेलं. पाच दिवस लिहिलं. एक पान फाडलं नाही. पहिल्यांदाच माझं असं काहीतरी होतंय, असं वाटलं.

शुक्रवारी शेवटाशी आलो आणि अडलो. बाटलीतलं वाक्य हवं होतं. त्याशिवाय गोष्ट लंगडी राहत होती. दिलेला शब्द मला आठवत होता. मी कपाटातून बाटली काढली. लाख कधीच भुसभुशीत झाली होती, बूच बोटानंच आत गेलं. चिमट्यानं सुरळी ओढून काढली. कागदाला वास येत होता, त्या दुपारच्या पेल्याचा, आणि बोटांना तो गार लागला.

एकच ओळ होती. शाई तपकिरी झालेली, अक्षर पिंगळ्यांचं. वीस प्रकरणं तपासलेली, ते अक्षर मी अंधारातही ओळखीन.

दुपार इतकी निवांत होती, की मांडवावरून एखादं वाळकं पान गळलं असतं तरी त्याचा आवाज ऐकू आला असता.

मी चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. माझ्या डोळ्यांचं एकदा ऑपरेशन झालंय, आणि तो जुना रोग आहेच. जे असायला हवं ते दिसतं. मी माझं पहिलं पान शेजारी ठेवलं आणि छापखान्यात ताडायचो तसं बोट ठेवून, विरामांसकट, मोठ्यानं ताडून पाहिलं. फरक नव्हता.

मग, किती वेळानं सांगता येत नाही, मला एकदम कळलं. त्या दुपारी वाचलं कोणी, लिहिलं कोणी, आणि आयुष्यभर मी जी शंका घेऊन बसलो तिचं उत्तर काय, ते सगळं. एका वाक्यात मावेल इतकं सोपं होतं. मी पेन उचललं. वाक्य अर्धं झालं होतं तेव्हा आतून हिची हाक आली.

"अहो, इकडे या ना."

शहात्तराव्या वर्षी मी पळालो. खुर्ची मागे पडली, पेनाला टोपण लावायचंही राहिलं.

ही स्वयंपाकघरात उभी होती. "माझा चष्मा कुठे ठेवलाय मी?"

तो तिच्या डोक्यावर होता. मी काढून हातात दिला.

"एवढे धापा काय टाकताय?" ती म्हणाली. "आणि हात किती गार पडलेत! बसा इथे."

मी बसलो. तिनं चहा केला. वाक्यासाठी थांबलो असतो आणि दुसरी हाक आली नसती तर, एवढंच डोक्यात होतं, आणि ती समोर उभी राहून वेलदोडा कुटत होती.

परत आलो तेव्हा वाक्य अर्धंच होतं. पुढचं आठवेना. अजून आठवलेलं नाही, आणि आता आठवेल असं वाटत नाही. जेवढं होतं तेवढं इथे ठेवतो.

त्या दुपारी कोऱ्या कागदांवरून जो वाचत होता तो